तात्यांचा उजवा हात

बुटाची तक्रार दवाखान्यात मिटलेली ऐकलीय कधी? सोनईला माझं चपला-बुटांचं दुकान. उसाला पाणी भरायला गमबूट नेलेले तात्या एक दिवस आले. "शेठ, तुमच्या बुटानं तळवं सोललं. गावभर सांगनार हाय."

दुकानाच्या नावाचा प्रश्न, म्हणून मीच त्यांना नगरला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. बोटांच्या बेचक्यात चिखल्या नव्हत्या, नुसत्या तळव्यांचा कोरडा भुगा पडत होता.

डॉक्टर म्हणाले, "आता हात दाखवा." डावा स्वच्छ, उजव्याला तसाच भुगा.

"खाजवता कोणत्या हातानं?"

"ह्याच की."

डॉक्टरांनी थोडा भुगा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. "गजकर्ण आहे. तळव्याला असं कोरडंच येतं. बूट चावला असता, तर हाताला कसं झालं असतं?"

तात्या खूश. "शेठ, बूट चांगलाच हाय तुमचा," म्हणत त्यांनी हात पुढं केला, उजवाच.

मी लांबूनच रामराम घातला.