खडूची रेघ

नणंद : अशी नाही, माझ्याकडे तोंड करून उभी राहा. या पायजम्याचा एक पाय दुसऱ्याहून रुंद कसा गं?

भावजय : कापडच तसं आहे, वन्सं.

नणंद : वीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेस आणि मला कापडाच्या थापा मारतेस? डाव्या पायाला आतून पट्टी जोडलीयेस. ही एक, ही दुसरी. आणि ही तिसरी तर नुसती टाचलीये.

भावजय : शिवायची राहिली. गिऱ्हाइकांची कामं पडलीत.

नणंद : कधी लावलीस?

भावजय : ...काल.

नणंद : ऑपरेशननंतर सूज होतीच की. पण दोन वर्षं तेवढ्यास तेवढी होती.

भावजय : तेव्हा सकाळी जायची माहेरी, दिवेलागणीला परत सासरी. आता कायमची नांदायलाच आलीये. चहा टाकू?

नणंद : चहा राहू दे. पाय दाखव.

भावजय : दार उघडं आहे. कुणीतरी येईल माप द्यायला.

नणंद : हे लावलं दार. अगं, कॅन्सरपायी पिशवी काढली, जांघेतल्या गाठी काढल्या, तेव्हा तुला अंघोळ कुणी घातली? आता माझ्यापासून कसली लपवालपवी?

भावजय : तेव्हा काय झालंय ते माहीत होतं. आता माहीत नाही.

नणंद : ...हात लावू?

भावजय : हळू.

नणंद : अगं बाई! तवा तापावा तसा तापलाय. आणि ही लाली! कधीपासून?

भावजय : परवा बटणाएवढी होती. काल तळहाताएवढी. आज मी बघितलंच नाही.

नणंद : आणि वर गप्प बसलीस?

भावजय : आजार परत आलाय, वन्सं. मी रोज उठल्याबरोबर टेप लावते, मांडीला, पोटरीला. आकडा वाढला की टेप गुंडाळून ठेवते. म्हणते, खाली धरला गेला असेल, उद्या नीट धरू. लोकांच्या मापात सूतभर चुकत नाही मी. माझंच माप तेवढं रोज चुकतं.

नणंद : माझ्या भावाला ठाऊक आहे?

भावजय : ते ट्रक घेऊन गेलेत, शनिवारी येतील. मागच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा हॉस्पिटलच्या जिन्यात बसले ते, उठेचनात. लोक बाजूनं चढत होते, उतरत होते. पुन्हा त्या जिन्यात नाही बसवायचं मला त्यांना.

नणंद : त्याला नको तर नको. मी लावते हॉस्पिटलला फोन. ...हॅलो? सिस्टर, तुमच्याकडे ऑपरेशन झालेल्या माझ्या भावजयीचा पाय...

नर्स (फोनच्या स्पीकरवर) : सुजतो, माहिती आहे. आज काय वेगळं?

नणंद : लाल झालाय, चटका बसतो हात लावला की.

नर्स : अंगात ताप? थंडी?

नणंद : काय गं, थंडी वाजली का?

भावजय : नाही म्हणावं.

नणंद : खरं सांग.

भावजय : ...पहाटे दोन गोधड्या घेतल्या.

नर्स : पायाला काही लागलंय? सुई, काटा, साधं खरचटणं?

भावजय : काही नाही.

नणंद : थांब. सुजेसाठी दिलेला तो तुझा घट्ट मोजा इकडे आण. खिडकीशी धर. अगं, मांडीपाशी ही भोकं कसली? चाळण झालीये नुसती!

भावजय : टाचण्यांची.

नणंद : कसल्या टाचण्या?

भावजय : शिवताना हाताशी लागतात. मोजा जाड आहे, छान धरून ठेवतो.

नणंद : पायात टाचण्या खोचत होतीस?

भावजय : मोज्यात हो! टोचल्या असत्या तर कळलं असतं ना. म्हणजे... त्या जागी आताशा फारसं कळत नाही मला.

नणंद : सुईपासून जप म्हणून सांगितलं होतं ना डॉक्टरीणबाईंनी?

भावजय : शिंपिणीला! मला हसूच आलं होतं तेव्हा.

नर्स : ऐकू आलं मला. हे बघा, आजार परत आलाय की नाही, ते मी फोनवर सांगू शकत नाही. पण हे जंतूंचं लक्षण दिसतंय. त्यावर औषध आहे, फक्त उशीर करायचा नाही. आत्ताच्या आत्ता निघा. आणि लालीच्या कडेनं एक रेघ मारून ठेवा. पुढे सरकली तर डॉक्टरांना कळेल.

नणंद : रेघ... पेन कुठाय तुझं?

भावजय : पेन कुठलं? खडू आहे, निळा. द्या, मीच मारते. रेघा मारणं माझंच काम.

नणंद : जमेल का तुला?

भावजय : खडू हातात आला की जमतं. बघा, कशी वळली! ब्लाउजच्या बाहीचा गोल जणू. आता म्हणतील, इथून कापा.

नणंद : अभद्र बोलू नकोस.

भावजय : गंमत केली हो.

नणंद : मला हसू नाही आलं.

भावजय : मलाही नाही आलं. वन्सं, पाय ठेवतील ना माझा? मशीनला पाय लागतो. आणि मला...

नणंद : ठेवतील. तू बस. मी गाडी आणते.

(अर्ध्या तासाने. दाराशी गाडी उभी आहे.)

नणंद : चल. कुलूप कुठाय?

भावजय : खिळ्याला. मशीनवर गिऱ्हाइकाच्या मुलीचा झगा अर्धा राहिलाय. ती आली तर सांगा, मिळेल म्हणावं. कधी ते नका सांगू.

नणंद : बरं. ऊठ आता.

भावजय : आधी जरा बघा ना. आता मला वाकवतही नाही.

नणंद : काय बघू?

भावजय : रेघ.

नणंद : रेघ आहे की जिथल्या तिथं. ठसठशीत.

भावजय : रेघेचं नाही, लालीचं विचारतेय मी.

नणंद : (पायजमा खाली ओढत) गाडी थांबलीये.

भावजय : वन्सं?

नणंद : चप्पल राहू दे. माझ्या गळ्यात हात टाक.