पाय मोडला ते बरं झालं

प्लास्टर कापायच्या रांगेत माझ्या पुढे नणंद-भावजय बसल्या होत्या. नणंदेच्या मांडीवर जुन्या वह्यांचा गठ्ठा.

"वहिनी, तुझा पाय मोडला ते फार बरं झालं."

"ताई, हळू बोला. लोक बघतायत."

"बघू देत. शाळेतलं पर्जन्यमापक बावीस वर्षं मीच वाचतेय ना? काल सगळ्या वह्या काढून बसले. बावीसपैकी सतरा वर्षं जुलैच्या शेवटच्या पंधरवड्यातच पावसाने दडी मारलीय. आणि आपण जूनमध्ये पेरतो, म्हणजे मूग नेमका तेव्हा फुलावर."

"म्हणून फुलं गळतात होय?"

"मग? यंदाही गावाची गळली. तुझ्या पायापायी तुमची पेरणी तीन आठवडे लांबली. रोपं वीतभरच होती, म्हणून तगली."

"आणि आता पाऊस आल्यावर फुललीत. मी आपलं नशीब समजत होते."

"नशीब कसलं, वहीत लिहिलंय. पुढच्या वर्षी सगळ्या गावाला उशिरा पेरायला लावू."

"आधी तुमच्या भावाला सांगा. दोन महिने रोज ऐकवतायत, तुझ्यामुळे पेरणी चुकली म्हणून."

"आत्ता फोन लावते."

"थांबा, ताई. संध्याकाळी पाहुण्यांसमोर ते पुन्हा म्हणणारच आहेत. त्यांचं म्हणून झालं, की मग वही उघडा."