राजानं ऐकलं, तिथंच घोटाळा झाला

—नाही, हवा लढाईची नाही, ते मी कुठं नाकारतोय? सकाळपासून धुळीचा वारा सुटलाय, बुदैयाचा सगळा रस्ता पिवळा पडलाय, खजुरी एका अंगाला कलल्यात, आणि सूर्य बघा कसा — चहात पडून विरघळलेल्या बिस्किटासारखा. अशा हवेत कुठलाही शहाणा राजा घरातच बसेल. पण महाराज, आपल्याला शहाणा राजा कुठं करायचाय? उठा. बाहेर जेवता जेवता लढाईचा खेळ बघायला आलेले लोक कागदी मुकुट घालून कधीचे बसलेत, कोंबडीच्या तंगड्या संपल्या, आता नुसती हाडं हातात धरून पडद्याकडं बघतायत. आणि तुमचा दुश्मन, शिवदास — तो बिचारा मीना सलमान बंदरावरच्या वर्कशॉपमधून एसीच्या डक्टचा पत्रा आणून स्वतः ठोकलेलं ते चिलखत घालून उभा आहे, आतून उकडून निघालाय. म्हणतो, चाचा, राजाला सांगा लवकर हर म्हणावं, मला पाणी प्यायचंय. या सिंहासनाला चाकं आहेत, मी तुम्हाला ढकलतही नेलं असतं — पण राजाला ढकलत नेलं की तो लढाईला निघालाय असं दिसत नाही, दवाखान्यात निघालाय असं दिसतं.

काय? सल्ला? — परत तेच. दिला की सल्ला. मघाशी म्हटलं जा, आत्ताही म्हणतो, जा. — मनापासून नाही? आता मनापासून म्हणजे कसं असतं, शरच्चंद्रसाहेब? तुम्ही पुण्याचे शिकलेले, आठवडाभर ऑफिसात अकाउंट बघता, शुक्रवारी हौसेनं राजा होता, आणि मला विचारता? मी कोण? मीना सलमानच्या गोदामाचा वॉचमन होतो, सगळं आयुष्य एका दारापाशी बसलो, लोक आत जाताना सलाम, बाहेर येताना सलाम, एवढीच माझी विद्या. ही दाढी सोडली तर माझ्यात शहाणं काही नाही. बाब अल बहरीनच्या कमानीपाशी उभा होतो, तर अरबाबनं — आपल्या मालकानं — गाडी थांबवली, काच खाली केली, म्हणाला, चाचा, तुम्ही फार बुद्धिमान दिसता. मी म्हटलं, सर्दी झालीये म्हणून गप्प उभा आहे. त्याला तेही बुद्धिमान वाटलं. दुसऱ्या दिवशी या प्लायवूडच्या किल्ल्यात, पडद्याच्या कापडाचा झगा घालून, हातात काठी घेऊन, मी फिरंगी राजाचा सल्लागार.

आणि काम तरी काय? राजा तलवार उचलतो, मी बाही धरतो, तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलतो — काय बोलायचं ते कोणी सांगितलंच नाही, लोक जेवत असतात — राजा बाही झटकतो, जातो, हरतो, परत येऊन माझ्या पायाशी रडतो की का नाही ऐकलं तुमचं. तो रडला की स्वयंपाकघरातून गोड बाहेर येतं. असं ठरलंय. रडणं झालं की गोड. दर शुक्रवारी.

आणि गेल्या शुक्रवारी तुम्ही ऐकलंत! मी म्हटलं नको जाऊस, आणि तुम्ही तलवार खाली ठेवलीत आणि बसलात! असा सल्लागार मी तरी नाही ऐकला, ज्याचं राजानं ऐकलं. सल्लागार असतोच न ऐकण्यासाठी. शिवदास तिकडून ओरडतोय, ये रे, ये रे — इकडं राजा मांडी घालून बसलेला. लढाई नाही म्हणून हार नाही, हार नाही म्हणून रडणं नाही, आणि आचारी पातेल्याशी उभा, म्हणतो राजा रडल्याशिवाय मी झाकण काढणार नाही. लोक उठून भांडले, महाराज. मुकुट घातलेली माणसं, गोडासाठी.

बरं, तेवढ्यावर थांबावं. तर नाही. शनिवारी फोन — कमालचाचा, दाढ काढू की ठेवू? रविवारी — चाचा, हेमाला इकडं बोलावू की मीच रजा घेऊन पुण्याला जाऊ? अहो, ती तुमची बायको आहे, तिला विचारा! सोमवारी — बटाटा खाल्ला तर चालेल का? मी म्हटलं, खा. तुम्ही म्हणालात, चाचा, किती सोपं करून टाकता तुम्ही. सोपंच होतं ते, बटाटा होता.

आता अरबाब काय म्हणाला, ऐकलंत ना? आज लढाई झाली नाही तर किल्ला खलास. इथं पॅडल टेनिसचं कोर्ट घालणार, कोणीतरी जागा विचारलीय म्हणे. तुमचं ठीक आहे, तुम्ही ऑफिसात जाल. शिवदास वर्कशॉपमध्ये जाईल. माझा व्हिसा या नोकरीवर आहे, साहेब. या दाढीवर आहे म्हणा. किल्ला गेला की मी गेलो. गावी? गावी मला नावानं हाक मारणारे सगळे कबरस्तानात आहेत, तिथं जाऊन कोणाला सलाम करू?

म्हणून सांगतो, जा. — आँ? त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आज कोरडे आहेत? म्हणजे तो सल्ला खरा आणि हा मालकाचा? शाब्बास. बटाटा कळत नाही, पण हे बरोबर कळतं तुम्हाला.

ते पाणी तुमच्यासाठी नव्हतं, महाराज.

—बसा, बसा, आता असे ताडकन उठू नका, मुकुट पडेल. मघापासून उठा म्हणतोय तेव्हा नाही, आता बरे उठलात! ऐका. माझा मुलगा वकार समोर बसला होता. दुसऱ्या बाकावर, बायको सायरा, माझी नात अदीबा. दुसऱ्या दिवशी कॅनडाला निघाले, कायमचे. आता आमच्या श्रीवर्धनकडं परदेशी निघालेल्याला नको जाऊस म्हणत नाहीत — तोंडातून काढायचाच नाही तो शब्द, वाट अडते. कुराण उंच धरायचं, त्याखालून माणसाला जाऊ द्यायचं, सांदणं बांधून द्यायची, हसायचं. मी बोटीवर चढायला निघालो तेव्हा माझी आई दाराकडं पाठ करून तांदूळ निवडत बसली, वळलीच नाही, पण नको जाऊस म्हणाली नाही. मग मी घरात कसं म्हणू? कागद झाले, बॅगा भरल्या, मी हसतोय, म्हणतोय, यल्ला, चला, उशीर नको. आणि इथं — इथं माझी नोकरीच आहे नको जाऊस म्हणायची! तुमची बाही धरली, बघितलं तुमच्या खांद्यावरून पलीकडं, आणि निघून गेलं तोंडातून — नको जाऊस रे बाळा, मी एकटा राहीन. तुम्ही बसलात. तो उभा राहिला.

—टाळ्या वाजवायला. सगळ्यात मोठ्यानं त्याच्याच. गाडीत म्हणाला, बावा, काय ॲक्टिंग करता तुम्ही! मी म्हटलं, हां, जमतं आता. — मला का नाही नेलं? नेतील की. तिकडं अजून घर लागायचंय. बोलावतील, इंशाल्ला. त्यांनी विचारलं नाही असं नाही, विषय निघाला नाही.

चला आता. मुकुट सरळ करा. आज पुन्हा बाही धरीन, पुन्हा तेच म्हणीन, डोळ्यांना पाणी आलं तर येऊ दे, तुम्ही झटकायची. जोरात झटका, माझा हात मोडत नाही. — पुन्हा बसलात? माझ्यासाठी वाईट वाटतं म्हणून? अहो, माझ्यासाठीच तर हरायचंय तुम्हाला! बरं, मग एवढं ऐका आणि मग काय ते करा. सकाळी जिन्यात आमची शेजारीण रुकय्या भेटली, दाराला दार आहे आमचं, सुरमई साफ करत होती, हातात सुरी तशीच. तिला सगळं सांगितलं, वकारचं, तुमचं, गोडाचं. ती हसली नाही की रडली नाही. सुरी माझ्याकडं रोखून म्हणाली, “चाचा, ज्यानं तुमचं ऐकलं नाही तो निदान पोचला तरी, आणि ज्यानं ऐकलं तो अजून खुर्चीत बसलाय; घालवा त्याला लढाईला आणि जेवायला घरी या.”