मागच्या चाकाचा दगड

जव्हारच्या मोटारस्टँडवर शांताबाई मोखाड्याच्या गाडीची वाट बघत जप करत होत्या. शेजारी बळवंतशेट आणि त्यांची बायको पुष्पावती जुन्या लॉरीवरून वाद घालू लागले, तशी बाईंच्या हातातली माळ थांबली.

शेट म्हणत होते, “नाशिकचा व्यापारी जुनी घेऊन तिची किंमत नवीच्या किमतीतून वळती करतोय, पण भंगाराच्या भावात! जामसरचा देवराम गवत वाहायला मागतोय, तो जास्त देतोय.”

“मग त्यालाच द्या. पण चढावर थांबली की मागे घरंगळते, हे आधी सांगा.”

“अगं, मग तो घेईल कशाला?”

“नाही घेतली तर जाईल नाशिकला. पोरंबाळं बसवून घाटातनं नेणार आहे तो.”

“आलाच बघ. गप्प बैस.”

“नाही बसणार. देवरामभाऊ, आमची लॉरी चढावर मागे घरंगळते हो!”

“ठावं हाय, वयनी. तुमच्याच लॉरीत बसून जायचो की. घाटात समदे उतरून ढकलायचो, तवा मागच्या चाकाला दगड कोन लावायचा? मीच!”

“आणि तरी घेतोस, देवराम?”

“घेतो, शेट. तुमच्या घरातनं कोनी सांगतंय का, तेवढंच बघत होतो.”

“मग तो दगडही ने बाबा,” शेट म्हणाले. “ सीटखालीच ठेवलाय.”