अँप्लिफायर माझ्या नावावर

हॅलो?… हाव, रुखमाच बोलते. कोण, हिंमतराव भाऊजी? तुमच्याच फोनची वाट पाहून राह्यली होती.

देवळातला अँप्लिफायर गेला? गेला नाही, माझ्या पलंगाखाली आहे… चोरी? या भाऊजी, असे जवळ या, फोन कानाले चिकटवा. एक आख्यान सांगते. तुम्ही भजनी मंडळाचे अध्यक्ष, तुमच्यासारखा श्रोता मले कुठं भेटते?… असू द्या घाई. कीर्तन सहाले आहे, आता कुठं अकरा वाजले.

दीड वर्षापूर्वी मंडळाले अँप्लिफायर घ्यायचा होता, हप्त्यानं. अकरा टाळकरी, अन् एकाचे बी कागद धड नाहीत. एकाचं पॅनकार्ड उंदरानं खाल्लं, अन् तुमचं तर… बरं, नाही काढत. मग आले माझ्या ओट्यावर. "वहिनी, देवाचं काम आहे, फक्त एक सही." केली.

हो, हो… अहो ऐका ना! हप्ते भरले, कोण नाही म्हणते? पण कसे? आरतीच्या ताटात पडले तर भरले! चातुर्मासात रोज कीर्तन, तर चार हप्ते एकदम, वरून फायनान्सवाल्याले साखरफुटाणे. मग होळीपर्यंत ताट कोरडं, हप्ताही कोरडा… दंडासकट भरले, खरं आहे; अन् आता परत तीन थकले. पण तिथं तारीख पाहतात, भाऊजी. पाच म्हणजे पाच. ते काही एकादशीचं व्रत नाही, चुकलं तर पुढची धरली.

म्हणून माझा स्कोर पाचशे बारा… क्रिकेटचा नाही हो! माणूस उधारी वेळेवर फेडते का नाही, त्याचे मार्क. तारखा तुम्ही चुकवल्या, नापास मी.

काय बिघडलं? वैष्णवीले बुलढाण्याले नर्सिंगले नंबर लागला ना. शिक्षणाचं कर्ज मागायले आम्ही मायलेकी बँकेत गेलो. साहेबानं कंप्युटरात पाहिलं अन् म्हणते, "बाई, अँप्लिफायरचे पैसे काऊन थकवले?" पोरीसमोर… मी जिंदगीत कोणाचं वाटीभर तेल उसनं ठेवलं नाही. येताना पूर्ण रस्ता पोरगी खिडकीतून बाहेरच पाहत होती.

…कोण माणूस? पाच हजारात स्कोर साडेसातशे करून देते? वा! काय करते, स्कोरले गंडा बांधते का? त्याचा स्वतःचा किती आहे, विचारलं?… नाही ना?

साहेबानं सरळ सांगतलं. थकलेलं भरा, कर्ज बंद करा, काही बाकी नाही असा दाखला आणा. स्कोर चढायले महिने लागतील, पण दाखला असला तर मी फाईल वर पाठवतो, म्हणे. शुक्रवारपर्यंत. शनिवारी फी भरायची शेवटची तारीख… आज काय वार आहे? गुरुवार.

थकलेले तीन मी भरले. दोन बकऱ्या विकून… तुमाले काऊन सांगू? तुम्ही ते बी देणगी म्हणून फळ्यावर लिहिलं असतं.

राहिले शेवटचे चार हप्ते… पेटीत पैसे नाहीत? मग आचाऱ्याले बारा किलो बुंदी कशाच्या जोरावर सांगतली?

देव कोपेल? देवाचा धाक मले नका दाखवू. मृदंग वाजला की पोळी तव्यावर सोडून येणारी बाई मी. आज बी पुढच्याच सतरंजीवर बसीन. महाराजांनी घसा मोकळा करून गावं, भोंगा नव्हता तवाही अभंग ऐकू येतच होते.

माझ्या घराचं कुलूप तोडता? तोडा. पावतीवर नाव माझं आहे. मग चोर कोण, ते पोलिसाले तुम्हीच समजावून सांगा…

हॅलो?… भाऊजी?… काय म्हणता? जोरानं बोला… बुंदी रद्द? नुसती खिचडी?… हाव. देवाले चालते खिचडी. तुमच्याच पोटाचा सवाल होता.

मग निघा. तुमच्या टाळकरी निवृत्तीची गाडी घ्या, खामगावचं फायनान्सचं हापिस चारले बंद होते. पैसे माझ्या हाती नका देऊ, थेट कर्जात भरा. दाखल्यावर शिक्का पाहून घ्या… अँप्लिफायर? दाखला आणा अन् घेऊन जा.

अन् भाऊजी… थांबा, ठेवू नका. खिडकीवर लाईन असेल, ऊन असेल, उद्या पाहू असं वाटेल. तवा माझी नका, मंडळाची नका, वैष्णवीची आठवण ठेवा. तुमच्याच मांडीवर बसून टाळ धरायले शिकली ती… हाव. ठेवते.