आप्पांनी पारखलेला म्युझिक सर्व्हर

तुम्ही म्हाताऱ्यांच्या अनुभवाचं फार कौतुक करता, तर आमच्या आप्पांचा ऐका. आप्पा म्हणजे माझे चुलते, राहू गावचे. आजोबांनी गायलेल्या धनगरी ओव्यांच्या सात कॅसेट आमच्या घरात होत्या. त्यातल्या दोन टेपनं खाल्ल्या, तेव्हा मी म्हणालो, हार्ड डिस्कवाला म्युझिक सर्व्हर आणू, उरलेल्या पाच तरी त्यात उतरवून ठेवू.

दौंडच्या दुकानात मी एक छोटा डबा पसंत केला. आप्पांनी तो तळहातावर तोलून खाली ठेवला. मग खालून हात घालून एकेक डबा उचलायला लागले, बाजारात मेंढा उचलून बघतात तसा.

"आप्पा, ह्यात वजन नसतं बघायचं."

"कॉलेज सोडून बसलेल्यानं मला शिकवू नये. ह्यो घे. अंगानं भरलाय."

दुकानदार काहीतरी सांगत होता. आप्पांनी त्याला हातानंच गप्प केलं. विकणाऱ्याचं ऐकायचं नसतं, म्हणे.

घरी येऊन मी डबा उघडला. आत हा एवढा ट्रान्सफॉर्मर, सगळं वजन त्याचंच, आणि हार्ड डिस्कची जागा मोकळी. ती वेगळी घ्यावी लागते, दुकानदार तेच सांगत होता.

"आप्पा, आता ओव्या ठेवायच्या कुठं? ह्याचं पोट रिकामं हाय."

वाटलं, आता तरी मान खाली जाईल. आप्पांनी डबा पुन्हा उचलून बघितला.

"उपाशीपोटी एवढा भरतोय," ते म्हणाले, "मग चारा घातल्यावर बघ."