अंगठ्याची जागा

आजोबा : हा चाकू आमचा नाही.

कारागीर : तुमचाच आहे, आजोबा. मुठीवरची चीर बघा ना. फक्त तोंड धुऊन आणलंय त्याचं.

आजोबा : मी धार लावायला दिला होता.

कारागीर : धार लावलीच. वर काळा मुलामाही नवा चढवला, तोही फुकट. आमच्या दुकानात हा शब्द वर्षातून एकदा निघतो. निदान दचकून तरी दाखवा!

आजोबा : दचकलोच आहे. कुणी सांगितलं होतं तुम्हाला?

कारागीर : तुम्हीच! ही बघा तुमची तीन पत्रं, फायलीत लावलीत. 'पात्याचा मुलामा उडाला. माल हलका. त्वरित दखल घ्यावी.' तिसऱ्यात 'त्वरित'खाली दोन रेघा.

आजोबा : आणि तुम्ही काय कळवलंत?

कारागीर : तिन्ही वेळा तेच. रानात वापरायचा चाकू लाकडावर घासणार, म्यानात घासणार, मुलामा जाणारच. पोलाद ठणठणीत आहे. हा दोष नव्हे, वापर.

आजोबा : तुमचं ते पत्र आमच्या हिनं स्वयंपाकघरात चिकटवलं होतं, माझ्या खुर्चीसमोर. माझ्या टकलावरून हात फिरवूनही तेच म्हणायची. 'दोष नव्हे हो, वापर.'

कारागीर : म्हणजे चाकू आजींचा?

आजोबा : डोंगरात भटकायची ती. तंबूच्या खुंट्या तासायची, काटक्या सोलायची. मी घरी बसून पत्रं लिहायचो.

कारागीर : मग आज त्यांनाही आणायचं की.

आजोबा : मार्चमध्ये गेली ती.

कारागीर : अरेरे... मला ठाऊक नव्हतं, आजोबा.

आजोबा : मुठीलगत, पात्याच्या उजव्या अंगाला एक डाग होता. रुपेरी, बोराएवढा.

कारागीर : होता खरा. नवा मुलामा बसावा म्हणून सगळं पातं खरवडून काढलं.

आजोबा : तिचा अंगठा टेकायचा तिथं. डावखुरी होती. सकाळी चहा उकळेपर्यंत मी त्यावर बोट ठेवून बसायचो. घरात दुसरं बोलायला कोण आहे?

कारागीर : थांबा, आत्ता उतरवून देतो मुलामा.

आजोबा : म्हणजे अख्खं पातं रुपेरी. त्यात तिची जागा कुठली, ते सांगाल?

कारागीर : ...नाही सांगता येणार. चुकलंच माझं.

आजोबा : तुमचं कसलं? अर्ज माझाच होता. मंजूर व्हायला अकरा वर्षं लागली, एवढंच. बरं, हा नवा मुलामा झिजायला किती दिवस लागतील?

कारागीर : रोज वापरलात तर चार-पाच वर्षं.

आजोबा : मला एकोणऐंशीवं चालू आहे.

कारागीर : मग दिवसातून दोनदा वापरा. काटक्या सोला. सोललेल्या इथं आणा, भट्टी पेटवायला मला लागतातच.

(आजोबा चाकू उचलतात, डाव्या हातात धरून बघतात.)

कारागीर : अहो, डाव्या हातानं? कापून घ्याल!

आजोबा : उजव्यानं धरला, तर अंगठा भलत्याच बाजूला पडतो.